सीचं पुस्तक घेताय? आधी 'गेट्स' शोधा

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात 'सी' या प्रोग्रामिंगच्या भाषेचं पुस्तक मागितलं की काउंटरवर चार-पाच जाडजूड पुस्तकांची चळत येते. मागे गर्दी, दुकानदाराला घाई. आपण अनुक्रमणिका चाळतो, पहिलं प्रकरण डोळ्यांखालून घालतो, किंमत बघतो. यातली किंमत सोडली तर बाकी दोन्हींचा उपयोग नाही. अनुक्रमणिका सगळ्यांची सारखीच असते: व्हेरिएबल, लूप, फंक्शन, अ‍ॅरे, पॉइंटर, फाइल. आणि पहिलं प्रकरण कुणालाही बरं लिहिता येतं. पुस्तक तपासायचं ते भाषा जिथे चावते तिथे उघडून. सीमध्ये या जागा ठरलेल्या आहेत आणि दहा मिनिटांत बघून होतात.

पहिला छापील प्रोग्राम बघा. वर 'कोनिओ डॉट एच', मग 'व्हॉइड मेन', शेवटी 'गेटसीएच' असेल, तर ते पुस्तक सी नव्हे, टर्बो सी हा जुना कंपायलर शिकवतंय. डॉसच्या जमान्यातला तो निळा पडदा आपल्याकडच्या कॉलेजांनी फार वर्षं जपला. माझं पहिलं पुस्तक याच जातीचं. नोकरीत लिनक्सवर बसलो तर माझा साधा बेरजेचा प्रोग्रामही कंपाइल होईना, कारण 'कोनिओ' नावाची फाइलच तिथे नव्हती. मला वाटलं मशीन बिघडलंय! सी भाषेच्या अधिकृत मानकाप्रमाणे मेन, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो ते फंक्शन, पूर्णांक परत करतं, म्हणून 'इंट मेन' लिहायचं.

त्याच पुस्तकात 'इंट दोन बाइट घेतो' असं चौकटीत छापलं होतं. मानक एवढंच सांगतं की इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, किमान 16 बिटांचा हवा. आजच्या लॅपटॉपवर तो सहसा 4 बाइटांचा असतो. फॅक्टोरियलचा (1 पासून त्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराचा) प्रोग्राम काढा आणि खालचं नमुना उत्तर वाचा. 8 च्या फॅक्टोरियलपुढे उणे 25216 असेल तर 40320 हा आकडा दोन बाइटांत मावलेला नाही. लेखकाने त्यावर दोन ओळी लिहिल्या असतील तर तो शिकवतोय. नुसतंच छापून पुढे गेला असेल तर त्याने स्वतःचं उत्तरही वाचलेलं नाही.

आता स्ट्रिंगचं प्रकरण. माझ्या लेखी ही सगळ्यात मोठी परीक्षा. वापरणाऱ्याकडून नाव कसं घेतलंय ते बघा. 'गेट्स' हे टाइप केलेली ओळ वाचणारं फंक्शन दिसलं की थांबा. समजा नावासाठी दहा बाइटांचा (एका अक्षराला एक, अशा दहा खणांचा) अ‍ॅरे ठेवलाय आणि कुणी रोमन लिपीत 'ज्ञानेश्वर' टाइप केलं. डी-एन-वाय-ए-एन-ई-एस-एच-डब्ल्यू-ए-आर, अक्षरं अकरा, शेवटची शून्याची खूण धरून बारा. जागा दहाची. उरलेले दोन बाइट जातात कुठे? शेजारी. तिथे रोल नंबर असेल तर तो बिघडेल, दुसरं काही असेल तर प्रोग्राम आडवा होईल, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कधी कधी काहीच होणार नाही. अ‍ॅरे केवढा आहे हे गेट्सला कळायला मार्गच नाही, म्हणून ते जपून वापरणं हा प्रकार शक्य नाही. नोव्हेंबर 1988 मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने, 'फिंगर' या वापरणाऱ्यांची माहिती देणाऱ्या सेवेत शिरायला हीच फट वापरली होती. 2011 च्या मानकातून गेट्स काढूनच टाकलं. त्यानंतर निघालेल्या आवृत्तीतही ते बिनदिक्कत वापरलं असेल, तर 'सुधारित' झालंय ते फक्त मुखपृष्ठ.

चांगलं पुस्तक इथे 'एफगेट्स' वापरतं, ज्याला जागा केवढी आहे ते सांगता येतं. त्याहून चांगलं पुस्तक एफगेट्समुळे नावाच्या शेवटी चिकटून येणारं एंटर कसं काढायचं तेही सांगतं, कारण विद्यार्थी त्याच रात्री तिथे अडकणार हे लेखकाला माहीत असतं.

फाइलच्या प्रकरणात 'व्हाइल नॉट एफईओएफ', म्हणजे 'फाइल संपली नाही तोवर' फिरणारा लूप, शोधा. फाइलमध्ये एकाखाली एक 45, 62, 71 असे गुण आहेत, शेवटी एंटर आहे, आणि लूप गुण वाचून लगेच मिळवतोय. बेरीज 178 यायला हवी, येते 249. फाइल संपली हे 'एफईओएफ' वाचायचा प्रयत्न फसल्यावर सांगतं, आधी नाही. त्यामुळे 71 दोनदा मिळवले जातात. फाइलमधून वाचणाऱ्या एफस्कॅनएफने काय परत केलं ते लूपच्या अटीतच तपासणारं पुस्तक दिसलं तर ते बाजूला काढून ठेवा.

पॉइंटरबद्दल, म्हणजे मेमरीतला पत्ता साठवणाऱ्या व्हेरिएबलबद्दल, एकच बघायचं. 'अ‍ॅरे म्हणजेच पॉइंटर' असं ठोकून दिलंय का? दहा इंटांच्या अ‍ॅरेचा साइझऑफ (किती बाइट व्यापले तो आकडा) मेनमध्ये 40 येतो आणि तोच अ‍ॅरे फंक्शनला पाठवून आत मोजला तर 64 बिटी मशीनवर 8. हा फरक पुस्तकात नसेल तर पुढे तुम्हाला तो स्वतःच्या केसांच्या किमतीत कळेल.

मग प्रकरणाअखेरचे प्रश्न. 'आय = आय++ + ++आय, तर उत्तर काय?' अशा कोड्यांनी पानं भरली असतील आणि मागे ठाम आकडा दिला असेल, तर तो आकडा चुकीचाच, कुठलाही असो. असं लिहिलं की काय व्हावं हे भाषेने ठरवलेलंच नाही. कंपायलरला काहीही करायची मोकळीक आहे. अशा प्रश्नांऐवजी 'वीजबिलाचा हिशेब करा, युनिट उणे टाकले तर नकार द्या' छापाचे प्रश्न हवेत.

विद्यापीठाची परीक्षा असेल तर मात्र नेमलेलं पुस्तक घ्या, तिथे वाद घालून गुण मिळत नाहीत. फक्त शिकायला दुसरं ठेवा.

आणि शक्य असेल तर आधी आठवडाभर ग्रंथालयातून आणा. मधल्या प्रकरणांतले तीन प्रोग्राम जसेच्या तसे टाइप करा, जीसीसी या कंपायलरला सगळे इशारे दाखवायला सांगा. इशारे आले तर त्यांचा अर्थ लावा. मग पुस्तक मिटा आणि त्यातला एक प्रोग्राम थोडा बदलून, न बघता लिहा: तीनऐवजी पाच विषय, किंवा गुण मोठ्याकडून लहानाकडे. जमला, तर अप्पा बळवंत चौकात जायला हरकत नाही.