ओहोटीची वेळ धरून चालणं : अस्वस्थ काळातला माझा अनुभव

झोप उडते, डोकं थांबत नाही, तेव्हा गुहागरसारखा लांब, सपाट किनारा खरंच उपयोगी पडतो. पण वेळ चुकली की सगळं फसतं. भरतीत कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाय रुततात, पोटऱ्या भरून येतात आणि तिसऱ्या दिवशी जाणं बंद होतं.

वेळ तिथीवरून काढायची. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरती, त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. द्वितीयेला भरती दीडला, ओहोटी पावणेआठच्या सुमारास. म्हणून पौर्णिमा-अमावास्येपासून तृतीयेपर्यंतच्या सकाळी उत्तम. अष्टमीला ओहोटी भर दुपारी सव्वाबाराला येते. त्या दिवशी सुरूच्या बनात बसावं.

ओहोटीच्या तासभर आधी निघा. ओल्या, घट्ट वाळूवर अनवाणी २० मिनिटं एका दिशेला, तेवढीच परत. उतारामुळे एकाच पायावर भार येतो, परतताना तो दुसऱ्यावर जातो. लाट मागे सरते तेव्हा श्वास सावकाश सोडा.

मग बसा. अजिबात हलू नका. बारीक खेकडे बिळांतून बाहेर येतात, वाळूतलं अन्न खाऊन उरलेल्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी मांडतात. मन सगळ्यात लवकर इथेच निवतं, श्वासापेक्षाही. फोन मात्र घरीच हवा.

खाडीच्या मुखाशी पाण्यात उतरू नका, ओढ फार असते. पावसाळ्यात समुद्र सोडून सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर जा. ऑगस्ट-सप्टेंबरात कातळावर सीतेची आसवं फुललेली असतात. दोन आठवड्यांनंतरही झोप येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.