भूजलातलं थोरियम-युरेनियम मोजताय? या चुका टाळा

माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक म्हणजे आधी अ‍ॅसिड आणि मग गाळणं. आमच्याकडच्या एका नवीन मुलाने वेळ वाचवायला बोअरवरच बाटल्यांत नायट्रिक अ‍ॅसिड ओतून पीएच २ च्या खाली नेला, गाळू लॅबमध्ये निवांत म्हणाला. भरताना पाणी चहासारखं तपकिरी होतं, दोन दिवसांनी बघतो तर वर फिकट पाणी आणि तळाला तपकिरी गाळ! तो तपकिरी रंग ह्युमिक अ‍ॅसिडचा, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून पाण्यात येणाऱ्या सेंद्रिय पदार्थाचा. ते एवढ्या कमी पीएचला विरघळलेलं राहत नाही ना, आणि थोरियमची त्याच्यावरची पकड इतकी घट्ट की तेवढ्या अ‍ॅसिडमध्येही पूर्ण सुटत नाही, म्हणजे गाळ फिल्टरवर अडकला आणि थोरियमही तिथेच. आकडा जवळपास शून्य, आणि आम्ही आठवडाभर बिचाऱ्या आयसीपी-एमएसला (धातू मोजायच्या मशीनला) शिव्या घालतोय. आता मी बोअरवरच ०.४५ मायक्रॉनमधून गाळतो, पहिले काही मिली फेकतो, मग एका बाटलीत अ‍ॅसिड, दुसरी बिनअ‍ॅसिडची थंड आणि अंधारात. बाटल्यांवर मार्करने आदल्या रात्रीच लिहून ठेवतो, उन्हात उभं राहून माणूस काहीही लिहितो.

आणि ०.४५ मधून गेलं म्हणजे 'विरघळलेलं', हे कृपया बोलू नका. ह्युमिकचे बारीक कण त्यातून आरामात जातात, धातूला पाठीवर घेऊन. खरंच वेगळं करायचं असेल तर अल्ट्राफिल्ट्रेशन (त्याहून खूप बारीक मेंब्रेनमधून गाळणं) करा, पण आधी ह्युमिक नसलेलं, माहीत असलेल्या प्रमाणात धातू घातलेलं पाणी चालवून बघा, मेंब्रेनच धातू खाते कधीकधी.

युरेनियम दिसलं की ते ह्युमिकलाच चिकटलंय असंही नाही. पीएच ८ च्या आसपास, बायकार्बोनेट आणि कॅल्शियम भरपूर असेल तर युरेनिल (पाण्यात युरेनियम बहुधा ज्या रूपात असतं ते) कार्बोनेटबरोबर जातं, ह्युमिकच्या वाट्याला फारसं येत नाही. पीएच ५-६ ला चित्र वेगळं. म्हणून पीएच आणि अल्कलिनिटी (मुख्यतः बायकार्बोनेट किती ते) तिथल्या तिथे मोजा, बाटलीतून कार्बन डायऑक्साइड उडाला की पीएच चढतो.

कुठला धातू कशाला चिकटेल याचा हिशोब करणाऱ्या मॉडेलमध्ये लोह आणि अ‍ॅल्युमिनियम न टाकता फक्त सेंद्रिय कार्बन टाकणारे तर रोज भेटतात. ह्युमिकवरच्या त्याच जागांवर तेही बसतात हो!

बाजारातली ह्युमिक पावडर बहुतेक कोळशापासून काढलेली असते, तुमच्या पाण्यातलं ह्युमिक म्हणून ती खपवू नका.

धातू आणि ह्युमिक एका बाटलीत रात्रभर शेक केलं आणि 'समतोल आला' म्हणून रिपोर्ट लिहायला बसलेले पण पाहिलेत मी. चिकटणं झटपट होतं, पण थोरियम, अमेरिसियमसारखे धातू काही आठवडे हळूहळू ह्युमिकच्या आत सरकतात आणि मग सहज सुटत नाहीत, त्याच्या पाठीवरच वाहत राहतात, त्यामुळे एका रात्रीचा आकडा पाण्याबरोबर ते किती लांब जातील ते कमीच दाखवतो. मी निदान महिनाभर बाटल्या हलवत ठेवतो, शेकर अडवला म्हणून ओरडा खातो.