'कन्क्लूसिव्ह' हे इंग्रजी विशेषण नेमके कसे वापरावे

इंग्रजीत पुरावा, चाचणी किंवा चौकशी यांबद्दल लिहिताना 'कन्क्लूसिव्ह' हा शब्द बरेचदा 'स्ट्राँग'चा वजनदार भाऊ म्हणून वापरला जातो. चूक होते ती इथेच. सज्जड पुराव्यावरही वाद घालता येतो, निर्णायक पुराव्यानंतर वादच उरत नाही. 'कन्क्लूसिव्ह' म्हणजे हा दुसरा.

पहिली पायरी: प्रश्न मिटला का ते पाहा

कपाटातले दागिने गेले आणि कपाटावर घरकाम करणाऱ्याच्या बोटांचे ठसे सापडले. त्याने कपाटाला हात लावला होता, याला हे ठसे कन्क्लूसिव्ह म्हणता येतील. चोरी त्यानेच केली, याला मात्र नाही, कारण तो ते कपाट रोज पुसतो. पुरावा तोच, पण प्रश्न बदलला की विशेषण गळून पडते. म्हणून शब्द लिहिण्याआधी 'कशाचा पुरावा?' हे ठरवा आणि वाक्यातही ते येऊ द्या: 'कन्क्लूसिव्ह प्रूफ ऑफ' आणि पुढे नाम, किंवा 'कन्क्लूसिव्ह एव्हिडन्स दॅट' आणि पुढे पूर्ण वाक्य.

दुसरी पायरी: जोडीचे नाम नीट निवडा

एव्हिडन्स, प्रूफ, रिझल्ट, आन्सर, आर्ग्युमेंट, टेस्ट यांच्याशी हे विशेषण सहज जमते. माणसाला ते लागत नाही. झटपट निर्णय घेणारा अधिकारी 'डिसाइसिव्ह' असतो. सामन्याचा निकाल फिरवणारा गोलही 'डिसाइसिव्ह'च. मराठीत दोन्हीकडे 'निर्णायक' चालतो, त्यामुळे आपला गोंधळ उडणे साहजिक आहे. समारोपाच्या भाषणाला 'कन्क्लूसिव्ह रिमार्क्स' म्हणणे ही तर कार्यक्रमपत्रिकांवर दिसणारी चूक. तिथे 'कन्क्लूडिंग रिमार्क्स' हवे. एखाद्या विषयावरचा प्रमाण ग्रंथ 'डेफिनिटिव्ह' असतो. आणि 'कन्व्हिन्सिंग' म्हणजे ऐकणाऱ्याला पटणारे. एकाला पटेल, दुसऱ्याला नाही. कन्क्लूसिव्ह मात्र ऐकणाऱ्यावर अवलंबून नसते.

तिसरी पायरी: आर्टिकल आणि तुलना तपासा

एव्हिडन्स हे न मोजता येणारे नाम आहे. 'अ कन्क्लूसिव्ह एव्हिडन्स' चूक, 'एव्हिडन्सेस'ही टाळा. एकच गोष्ट दाखवायची असेल तर 'अ कन्क्लूसिव्ह पीस ऑफ एव्हिडन्स' लिहा. 'व्हेरी कन्क्लूसिव्ह' कानाला खटकते, कारण मिटलेला प्रश्न आणखी मिटत नाही. 'ऑलमोस्ट कन्क्लूसिव्ह' किंवा 'फार फ्रॉम कन्क्लूसिव्ह' मात्र सर्रास चालते: मिटायला किती बाकी आहे, ते त्यातून सांगता येते.

चौथी पायरी: नकार सांभाळून करा

'इनकन्क्लूसिव्ह' म्हणजे 'निगेटिव्ह' नव्हे. कोविडच्या काळात आरटी-पीसीआरच्या काही अहवालांवर हा शेरा असायचा. त्याचा अर्थ संसर्ग नाही असा नव्हता. नमुन्यावरून हो किंवा नाही काहीच सांगता येत नाही, पुन्हा नमुना द्या, असा होता. भाषांतरात 'अनिर्णित' लिहिण्याचा मोह होतो, पण तो शब्द निकाल न लागता संपलेल्या क्रिकेट सामन्याचा. अहवालासाठी 'निष्कर्ष निघाला नाही' हे सरळ आणि बिनचूक.

क्रियाविशेषणातही हीच मेख आहे. 'नॉट कन्क्लूसिव्हली प्रूव्हड' म्हणजे अजून पक्के सिद्ध झालेले नाही. 'कन्क्लूसिव्हली डिसप्रूव्हड' म्हणजे खोटेच ठरले. बातमीत या दोघांची अदलाबदल झाली तर सगळा अर्थच उलटतो.

कायद्याच्या कागदात थांबून वाचा

बोलण्यात थोडे सैल चालते, कायद्यात अजिबात नाही. 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम 4 मध्ये 'कन्क्लूसिव्ह प्रूफ'ची व्याख्या होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ती कलम 2 मध्ये आहे. कायद्याने एक गोष्ट दुसरीचा निर्णायक पुरावा ठरवली असेल, तर पहिली सिद्ध होताच न्यायालय दुसरी सिद्ध झाली असे मानते आणि ती खोडून काढणारा पुरावा देऊच देत नाही. दार बंद. त्याच्या शेजारी 'शॅल प्रिझ्यूम' आहे. त्यात न्यायालय गोष्ट खरी धरून चालते, पण उलट पुरावा आणायला मुभा असते.

सातबारा या दुसऱ्या जातीचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 नुसार प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा रीतसर नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणून सातबाऱ्याला मालकीचा 'कन्क्लूसिव्ह प्रूफ' म्हणू नका. जमिनीच्या धोरणात 'कन्क्लूसिव्ह टायटल'ची, म्हणजे निर्णायक मालकी हक्काची, चर्चा होते ती याचसाठी, की आपल्याकडची नोंद अजून 'प्रिझम्प्टिव्ह', म्हणजे खरी धरून चाललेली, आहे.

कर्जाच्या करारात 'फायनल, कन्क्लूसिव्ह अँड बाइंडिंग' असे त्रिकूट दिसले की पेन खाली ठेवा. अनेकदा ते बँकेने काढलेल्या थकबाकीच्या आकड्याला जोडलेले असते. तो आकडा तुम्ही आधीच मान्य केला, असा त्याचा रोख असतो. मागेपुढे 'मॅनिफेस्ट एरर'चा अपवाद आहे का ते शोधा. असेल तर निदान उघड दिसणाऱ्या चुकीवर बोट ठेवता येते.

उच्चार

जोर मधल्या 'क्लू'वर. नामात, म्हणजे 'कन्क्लूझन'मध्ये, 'झ' येतो म्हणून विशेषणातही 'कन्क्लूझिव्ह' म्हणण्याची सवय असते. विशेषणात स्वच्छ 'स' आहे: कन्क्लूसिव्ह, इनकन्क्लूसिव्ह, कन्क्लूसिव्हली. आणि नकारार्थी रूपाआधी 'अ' नव्हे, 'अॅन' लागतो: 'अॅन इनकन्क्लूसिव्ह रिपोर्ट'.