कॅज्युअल्टीत रुजू होताना: खान्देशात नव्याने येणाऱ्या इंटर्न आणि बंधपत्रित (बाँडवर सरकारी सेवा करणाऱ्या) डॉक्टरांसाठी

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात जमावाने एका निवासी डॉक्टरला मारलं, त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावर येईनात. मग सरकारी रुग्णालयांत महाराष्ट्र सुरक्षा बलाचे जवान दिसू लागले आणि एका रुग्णामागे दोनच नातेवाईक हा पासाचा नियम आला. ठिणगी पडली ती डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला न्यूरोसर्जन नसल्याने दुसरीकडे न्यायला सांगितलं तेव्हा. हे वाक्य धुळे-जळगाव-नंदुरबारात तुमच्याही तोंडी रोज येणार आहे.

म्हणून ते नीट बोलायला शिका. धडगाव-मोलगीकडचा रुग्ण आधीच सातपुड्याचा घाट उतरून, दोन दवाखाने करून आलेला असतो. ‘इथे सोय नाही’ हे पहिलं वाक्य झालं की पुढचं काही ऐकलं जात नाही. ‘ढकलून दिलं’ एवढंच उरतं. आधी काय केलं ते सांगा: रक्त थांबवलं, सलाईन चालू आहे, सीटी काढला. मग काय इथे होत नाही, तिथे कोणाशी बोलणं झालंय, १०८ किती मिनिटांत येतेय. एवढंच केसपेपरवर वेळ टाकून लिहा.

आई किंवा बायको सहसा हात उचलत नाही. भीती असते ती तासाभराने गाडी भरून येणाऱ्यांची. त्यांनी रुग्ण पाहिलेला नसतो, आल्या आल्या काहीतरी करून दाखवायचं असतं, आणि रात्री अकरानंतर बऱ्याचदा दारूही असते. त्यामुळे सुरुवातीलाच नातेवाइकांतला एक जाणता माणूस निवडा, गावचे पोलीस पाटील सोबत असतील तर उत्तम. त्याचं नाव आणि मोबाईल नंबर लिहून घ्या आणि दर अर्ध्या तासाने त्यालाच माहिती द्या. काही बदल नसला तरी द्या. ‘अजून तसंच आहे, औषध चालू आहे’ हीसुद्धा माहितीच. नवीन आलेल्यांना तोच सांभाळतो. हे काम जवानापेक्षा तो चांगलं करतो.

‘काय व्हयनं, आबा?’ एवढी अहिराणी पहिल्या आठवड्यात यायला हवी. पावरी किंवा भिली बोलणारे असतील तर वॉर्डातली ती भाषा येणारी मावशी किंवा सोबत आलेली आशाताई मध्ये घ्या. मान हलवली म्हणजे समजलं असं धरू नका.

खुर्ची अशी ठेवा की दार आणि तुमच्यामध्ये कोणी येणार नाही. स्टेथोस्कोप गळ्यात नको, खिशात. गळ्यातली वस्तू म्हणजे दुसऱ्याच्या हातातला फास. कात्र्यांचा ट्रे आणि मोकळे सलाईन स्टँड गर्दीच्या हाताशी नकोत, ऑक्सिजन सिलिंडर साखळीने बांधलेलं हवं. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला, फेऱ्या वाढल्या, कोणी दार लावू लागलं, की नर्सना ठरलेला शब्द सांगा आणि जवान बोलवा. दोन हात अंतर, जरा तिरकं उभं राहणं, तळवे दिसतील असे, आवाज खाली. शूटिंग चालू असेल तर मोबाईलला हात लावू नका. नव्या मुलांची ही चूक हमखास होते आणि मग तीच क्लिप गावभर फिरते. धक्काबुक्की सुरू झाली तर ११२ लावा आणि बाहेर पडा.

मृत्यू सांगताना ‘सिरियस आहे’ म्हणून वेळ काढू नका. दोघा जवळच्यांना बाजूला बसवा, नाव घ्या, ‘वारले’ हाच शब्द वापरा, गप्प राहा. सपाट ईसीजीची पट्टी वेळेसह जोडा. दुसरा भडका पीएमवरून, म्हणजे शवविच्छेदनावरून, उडतो. कपाशीवर फवारताना झालेली विषबाधा किंवा सर्पदंश असेल, तर सांगा की गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेच्या दोन लाखांसाठी शवविच्छेदन अहवाल मागतात. अंदाजे किती वाजता मृतदेह मिळेल, हेही.

मारहाण झालीच, तर त्याच रात्री स्वतःची एमएलसी (पोलिसांना कळवायची जखमांची वैद्यकीय नोंद) करून घ्या. सकाळपर्यंत थांबू नका. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या ऑगस्ट २०२४ च्या पत्राप्रमाणे सहा तासांच्या आत संस्थाप्रमुखाने संस्थेतर्फे गुन्हा नोंदवायचा असतो. तेव्हा एकटे ठाण्यात जाऊ नका. महाराष्ट्राचा २०१० चा वैद्यकीय सेवा हिंसाचार प्रतिबंध कायदा हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवतो, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तो खासगी दवाखान्यांना, नर्स आणि विद्यार्थ्यांनाही लागू आहे, पण फिर्यादीत बऱ्याचदा राहून जातो. तो आवर्जून लावायला सांगा. सरकारी कर्मचारी असाल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ (सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी हल्ला) सुद्धा.

‘ड्युटीवर असताना’ एवढं मोघम लिहू नका. ‘१ वाजून ४० मिनिटांनी रुग्णाच्या घशात नळी घालत असताना’ असं लिहा. ‘अज्ञात २०-२५ इसम’ लिहिलं की केस तिथेच पातळ होते. केसपेपरवरचा तो मोबाईल नंबर इथे उपयोगी पडतो. फुटलेलं सामान झाडून टाकण्याआधी फोटो काढा, आणि डेडस्टॉक रजिस्टरवरून (रुग्णालयाच्या टिकाऊ सामानाची नोंदवही) प्रत्येक वस्तूची खरेदी किंमत काढा, कारण या कायद्यात भरपाई खरेदी किमतीच्या दुप्पट आहे. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. ते राखून ठेवण्याचं पत्र त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या.