शिष्यवृत्ती अडली होती, ती अशी सुटली

महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर) पैसे वाटप झाल्याचं दिसत होतं, खात्यात मात्र दमडी नाही. विद्यापीठातल्या खिडकीवर एकच उत्तर, "वरूनच आलं नाही." शेवटी वसतिगृहातला जिंतूरचा दादा म्हणाला, "आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघ की! सरकारी पैशांसाठी आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते कळतं." बघितलं तर तिथं शाळेत गणवेशाच्या पैशांसाठी खातं उघडलं होतं, त्या गावाकडच्या बँकेचं नाव. नव्या खात्याला केवायसीत आधार दिलं तरी तेवढ्यानं भागत नाही. आधारवर येणारे सरकारी पैसे एनपीसीआयकडं (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) आधारला शेवटी जोडलेल्या बँकेतच जातात. नव्या बँकेत आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरला, जुन्या बँकेचं नाव त्यात लिहिलं, पोच मागून घेतली (मागितल्याशिवाय देत नाहीत). अडकलेला हप्ता गावी जाऊन, जुनं पासबुक भरून काढला. मेसची उधारी फिटली.