ऑफसीझनमध्ये स्टार्टिंग रोटेशन कसं बांधायचं: पाच नावं नको, १६२ स्टार्ट मोजा

बेसबॉलबद्दल दर नोव्हेंबरला तेच तेच वाचायला मिळतं, एक तगडा एस, म्हणजे पहिल्या नंबरचा पिचर घ्या, एक नंबर दोन घ्या, मागे तीन तरुण पोरं लावा, झालं रोटेशन. असं काही होत नसतं. न्यू जर्सीत आल्यापासून, म्हणजे गेली चौदा वर्षं, मी मित्रांच्या सिम्युलेशन लीगमध्ये टीम चालवतोय, खरे खेळाडू, खरे पगार, ठरलेलं बजेट, आणि दर हिवाळ्यात माझा सगळ्यात जास्त वेळ पिचिंगवर जातो. तुमचीही अशी लीग असेल किंवा आपल्या टीमचा जीएम (जनरल मॅनेजर) डिसेंबरमध्ये नेमकं काय करतोय ते कळून घ्यायचं असेल तर पुढचं वाचा.

ज्यांनी फक्त क्रिकेट पाहिलंय त्यांच्यासाठी एवढंच, पिचर म्हणजे बोलर, आणि स्टार्टर म्हणजे मॅच सुरू करणारा पिचर. तो एका दिवसात नव्वद-शंभर पिच पूर्ण ताकदीने टाकतो आणि मग चार-पाच दिवस त्याला मॅचमध्ये उतरवत नाहीत. म्हणून पाच जण पाळीपाळीने, हेच रोटेशन.

आधी घरात काय आहे ते बघा

वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनल, संपली की यादी करा: कोण सहा वर्षं पूर्ण करून फ्री एजंट झाला (कुठल्याही टीमशी करार करायला मोकळा), कोणाचा पगार आर्बिट्रेशनमध्ये, म्हणजे लवादाकडे, वाढणार, कोणाकडे मायनर्समध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, पाठवायचे ऑप्शन शिल्लक आहेत. अर्ध्या तासाचं काम आहे. ऑप्शनचा कॉलम मात्र विसरू नका, पुढे लागणार आहे.

इनिंगची बेरीज, इथेच सगळे फसतात

सीझनमध्ये १६२ मॅच, म्हणजे १६२ स्टार्ट. आजकाल स्टार्टर मॅचच्या नऊपैकी सरासरी सव्वापाच इनिंग टाकतो असं धरलं तर साधारण ८५० इनिंग तुम्हाला स्टार्टर्सकडून काढायच्या आहेत. आता तुमच्या पाच जणांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे तो खरोखर किती टाकेल तो आकडा लिहा. मनात आहे तो नाही, खरा. बहुतेक लोक इथे प्रत्येकापुढे १७० लिहितात, पाच गुणिले १७० बरोबर ८५०, हिशोब जुळला म्हणून खूश होतात. मीपण पाच वर्षं हेच केलं.

पाच जणांनी अख्खा सीझन काढणं किती दुर्मिळ आहे ते सांगतो. २००३ मध्ये सिॲटल मरिनर्सच्या मोयर, पिनेरो, फ्रँकलिन, मेश आणि गार्सिया या पाच जणांनी मिळून सगळेच्या सगळे १६२ स्टार्ट केले. त्यांचं नाव आजही निघतं ते असं सहसा होतच नाही म्हणून. (९३ मॅच जिंकूनही ती टीम प्लेऑफला गेली नाही, ते वेगळं.)

माझी पद्धत साधी आहे. पिचरच्या मागच्या तीन सीझनच्या इनिंग लिहा, त्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष खोडा, उरलेल्या दोनची सरासरी काढा. तोच त्याचा आकडा. "पण यंदा तो फिट आहे" हे वाक्य चालणार नाही, फेब्रुवारीत सगळेच फिट असतात. टॉमी जॉन सर्जरीतून, म्हणजे कोपराचं लिगामेंट बदलून परत येणाऱ्याला वर्ष ते दीड वर्ष लागतं, त्यामुळे त्याला पहिल्या सीझनला अर्ध्याहून जास्त धरू नका. आणि पोरगा मागच्या वर्षी ट्रिपल-एमध्ये, म्हणजे मायनर्सच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, ११० इनिंग टाकून आला असेल तर त्याच्यापुढे १८० लिहिणं म्हणजे त्याच्या खांद्याशी खेळणं आहे, मी तीस-चाळीसच्या वर वाढ धरतच नाही.

असं केलं की पाच जणांची बेरीज ५५०-६०० वर येते आणि पोटात गोळा येतो. येऊ दे. ती जी अडीचशे-तीनशेची खाच दिसते ना, तीच भरायचं काम म्हणजे तुमचा ऑफसीझन.

मला हे कळलं ते सहाव्या सीझनला, आणि फार महागात पडलं. दोन मोठे पिचर घेतले, पिचिंगच्या बजेटचा दोन तृतीयांश भाग त्यांच्यावर लावला, आणि माझा सहावा स्टार्टर, साधाच, पण दर पाचव्या दिवशी पाच इनिंग टाकून जाणारा, जानेवारीत ट्रेड करून टाकला कारण तो मला जास्तीचा वाटला. बदल्यात काय घेतलं तर एक राखीव आउटफिल्डर. एप्रिलच्या शेवटी एकाचं कोपर गेलं, जूनमध्ये दुसऱ्याचा खांदा, आणि मग ट्रिपल-एमधून जी पोरं आणली ती तिसऱ्या इनिंगला बाहेर, त्यामुळे बुलपेनला, म्हणजे स्टार्टरनंतर येणाऱ्या रिलीव्हर पिचरना, रोज पाच-सहा इनिंग टाकाव्या लागल्या आणि जुलैपर्यंत माझे चांगले रिलीव्हरसुद्धा संपले. स्टार्टर पडला की नुकसान फक्त त्याच्या दिवसाचं होत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या मॅचपण तो घेऊन जातो. त्या वर्षी माझी बॅटिंग लीगमध्ये सगळ्यात चांगली होती, तरी शेवटून दुसरा आलो.

बरोबर कसं करतात ते बघायचं असेल तर टेक्सास रेंजर्सचा २०२२-२३ चा हिवाळा बघा. आदल्या सीझनला ९४ मॅच हरलेली टीम, जीएम ख्रिस यंग, जो स्वतः पिचर होता. त्यांनी जेकब डिग्रॉमला पाच वर्षांसाठी १८५ मिलियन डॉलर दिले, सगळी चर्चा त्याचीच झाली. पण डिग्रॉमने २०२१ ला ९२ आणि २०२२ ला जेमतेम ६४ इनिंग टाकल्या होत्या आणि हे त्यांना माहीत होतं. म्हणून ते तिथे थांबले नाहीत. मार्टिन पेरेझ क्वालिफाइंग ऑफरवर (जुन्या टीमने फ्री एजंटला देऊ केलेला एका वर्षाचा करार) राहिला, अँड्र्यू हीनी घेतला, डिसेंबर संपता संपता नेथन इओवाल्डी दोन वर्षांसाठी ३४ मिलियनला घेतला, जॉन ग्रे आधीपासून होताच. एवढे झाल्यावर डेन डनिंगला जागाच उरली नाही, तो बुलपेनमध्ये बसला, पण त्याला विकला नाही.

पुढे डिग्रॉम सहा स्टार्ट करून कोपराच्या सर्जरीला गेला. त्याच्या जागी डनिंग आला आणि १७२ इनिंग टाकून गेला, ३.७० ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर पडलेल्या रनची सरासरी, कमी तितकी चांगली). जुलैच्या शेवटी त्यांनी शेर्झर आणि माँटगोमेरी हे दोन स्टार्टर आणले. वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या मॅचला शेर्झर पाठीमुळे तीन इनिंगनंतर बाहेर गेला तेव्हा ग्रेने तीन इनिंग एकही रन न देता काढल्या. ती वर्ल्ड सिरीज रेंजर्सने जिंकली. बातम्यांत डिग्रॉमचा पैसा वाया गेला असं लिहून आलं, मला त्या हिवाळ्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते ती डनिंगला धरून ठेवणं.

तर, सहावा आणि सातवा स्टार्टर हा रोटेशनचा भाग समजा, आठवा-नववा ट्रिपल-एमध्ये तयार ठेवा. आणि इथे तो ऑप्शनचा कॉलम कामाला येतो: या चौघांतल्या निदान तिघांकडे ऑप्शन शिल्लक हवेत, नाहीतर मार्चमध्ये त्यांना खाली पाठवता येत नाही, वेव्हर्सवर टाकावं लागतं आणि दुसरी टीम फुकटात उचलून नेते.

खरेदी करताना

मागच्या वर्षीचा ईआरए बघून पैसे देऊ नका. किती जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये आउट) करतो आणि किती वॉक (चुकीचे बॉल टाकून फुकट दिलेला बेस) देतो यातला फरक बघा, तो पुढच्या वर्षीपण बऱ्यापैकी टिकतो, ईआरए टिकेलच असं नाही, कारण त्यात फिल्डिंग आणि नशीब दोन्ही मिसळलेलं असतं.

एक ते तीन वर्षांचे करार करा, मधल्या फळीतले पिचर घ्या. कॅन्सस सिटी रॉयल्सने २०२३ ला १०६ मॅच हरल्यावर हेच केलं, सेथ लुगो तीन वर्षांसाठी ४५ मिलियन, मायकल वाका दोन वर्षांसाठी ३२. लुगो आधी रिलीव्हर होता, २०२२ ला ६५ इनिंग, पुढच्या वर्षी सॅन दिएगोत स्टार्टर म्हणून १४६, आणि २०२४ ला रॉयल्सकडे २०६. माझी सरासरीची पद्धत त्याला कमी लेखते हे मान्य आहे, रिलीव्हरचा स्टार्टर होतो तेव्हा ती चालत नाही. तिथे मी त्याच्याकडे किती प्रकारचे पिच आहेत ते बघतो, दोनच असतील तर घेत नाही, लुगोकडे भरपूर होते. रॉयल्स त्या वर्षी ८६ जिंकून प्लेऑफला गेले.

आणि मार्चपर्यंत स्वस्तात मिळेल म्हणून थांबू नका. २०२४ ला पिचर ब्लेक स्नेल आणि रेंजर्सकडून खेळलेला माँटगोमेरी या दोघांनीही मार्चच्या उत्तरार्धात सही केली. स्नेल आदल्या वर्षीचा साय यंग (सर्वोत्तम पिचरचं बक्षीस) विजेता, पहिल्या सहा स्टार्टमध्ये त्याचा ईआरए नऊच्या वर होता, नंतर सावरला आणि ऑगस्टमध्ये नो-हिटर (अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट नाही) टाकली, पण तोवर त्याच्या टीमचा, जायंट्सचा, अर्धा सीझन गेला होता. माँटगोमेरीचा अख्ख्या वर्षाचा ईआरए ६.२३. स्प्रिंग ट्रेनिंग, म्हणजे सीझनआधीचा सराव, बुडालं की हाताला लय सापडायला वेळ लागतो.

ट्रेड

बॅटर देऊन पिचर घ्या, पिचर देऊन बॅटर घेऊ नका, निदान जुलैपर्यंत तरी. यावर मी कोणाशी वाद घालत नाही.

फेब्रुवारी

पिचर आणि कॅचर महिन्याच्या मध्याला फ्लोरिडा-ॲरिझोनात कॅम्पला येतात. कोण पहिला, कोण दुसरा, डावा-उजवा आलटून पालटून, यावर डोकं खपवू नका, पाऊस आणि सुट्टीच्या दिवसांमुळे तो क्रम एप्रिलच्या मध्याला मोडलेला असतो. त्यापेक्षा बेरीज पुन्हा एकदा करा. कॅम्पच्या पहिल्या दहा दिवसांत एखाद्याचा दंड नाहीतर कोपर दुखायला लागलं तर त्याचा आकडा तिथल्या तिथे निम्मा करा आणि त्याच संध्याकाळी बाजारात अजून सही न झालेल्या जुन्या स्टार्टर्सची यादी उघडा, दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्या टीमपण तीच यादी उघडणार आहेत.