कोंबडीचं अंडं अडलं? या चुका टाळा

सकाळी खुराडं उघडावं तर एक कोंबडी कोपऱ्यात शेपूट पाडून, पिसं फुलवून उभी. बाकीच्या दाण्यांवर तुटून पडल्यात आणि ही जागची हलत नाही. घरात लगेच निकाल लागतो: अंडं अडलं. मग एक जण खोबरेल आणतो, दुसरा गरम पाणी, तिसरा पोट दाबायला बसतो. सगळ्यात महाग चूक ही घाईच. अंडं अडणं, पोटात पाणी होणं, अंग (आतली अंडनलिका) बाहेर येणं, खुडूक बसणं (अंडी उबवायच्या ओढीने बसून राहणं) आणि पिसं झडणं, या पाचही अवस्थांत कोंबडी अंडं देत नाही. पण एकीवरचा उपाय दुसरीत कोंबडीचा जीव घेऊ शकतो.

आधी हात लावून बघा

शेपटीखाली, अंड्याच्या वाटेच्या दोन्ही अंगांना दोन हाडांची टोकं बोटाला लागतात. कोंबडी अंडी घालत असेल तर त्या टोकांमध्ये दोन ते तीन बोटं मावतात आणि वाट रुंद, ओलसर असते. जेमतेम एक बोट मावत असेल आणि वाट आखडलेली, कोरडी असेल तर ती सध्या घालतच नाही. मग अडणार काय?

पावसाळा सरला की बऱ्याच कोंबड्या पिसं टाकतात. तेव्हा दोन-तीन महिने अंडं बंद राहतं. त्यात डिसेंबरात गोव्यातला दिवस सव्वाअकरा तासांच्या आसपास येतो आणि अंड्याला चौदा तासांच्या पुढे उजेड लागतो. हा आजार नव्हे. चांगलं खाद्य द्या आणि वाट बघा.

मोकळ्या सुटणाऱ्या गावठी कोंबडीचा आणखी एक प्रकार. ती कुळागरात (पोफळीच्या बागेत), केळीच्या बुडात किंवा काजूच्या पाल्यात चोरून घालत असते. तीन दिवस दुपारपर्यंत कोंडून ठेवा, खरं काय ते कळतं. खुराड्यातच अंडी नाहीशी होत असतील तर आधी धामण, मुंगूस आणि घोरपड यांच्यावर संशय घ्या.

खुडूक कोंबडी ओळखायला सोपी. पिसं फुलवते, गुरगुरते, हात घातला तर टोचते, पण तुरा लाल आणि डोळे टवटवीत. तिला पाण्यात बुचकळणं किंवा नाकात पीस खुपसणं हे जुने उपाय सोडून द्या. जाळीच्या तळाचा पिंजरा जमिनीपासून वर टांगा, त्यात खाणं-पाणी ठेवा, उजेड येऊ द्या. पोटाखाली वारा खेळला की तीन-चार दिवसांत खूळ उतरतं.

खरंच अडलं असेल तेव्हा

अडलेली कोंबडी पुन्हापुन्हा घरट्यात जाते, कुंथते, शेपूट वरखाली हलवते, पाय फाकून उभी चालते, विष्ठा थोडी किंवा बंदच. हे सगळं एका-दोन दिवसांत होतं. त्या दोन हाडांमध्ये हलकं चाचपलं तर कडक गोळा लागतो. अंडं मऊ कवचाचं असेल तर मात्र तसा गोळा लागत नाही, हे ध्यानात ठेवा.

आंघोळीला लागतं तेवढंच कोमट, 38 ते 40 अंशांचं पाणी टोपात घ्या. पोट आणि मागची बाजू बुडेल एवढंच. त्यात 15 ते 20 मिनिटं धरा, मग पुसून पूर्ण कोरडी करा. जुलैत ओली कोंबडी तशीच सोडली तर गारठ्याने जाते. एप्रिल-मेमध्ये उलटी चूक होते: 34 अंशांच्या घामट हवेत लोक तिच्यावर बल्ब लावतात. बाहेरून ऊब तिला पावसाळ्यात किंवा थंडीच्या रात्रीच हवी. उन्हाळ्यात अंधारी, हवेशीर, शांत जागा पुरे. चोच उघडून धापा टाकत असेल तर कोमट पाण्यातही घालू नका.

वाटेच्या तोंडाशी आतून बाहेरून लिक्विड पॅराफिन किंवा स्वच्छ खोबरेल लावा. पशुवैद्यांकडचं द्रव कॅल्शियम बाटलीवरच्या प्रमाणात चोचीच्या कडेने थेंबथेंब द्या. घाईने ओतलं तर श्वासनलिकेत जातं. कॅल्शियम फक्त कवचासाठी नसतं. अंडनलिकेचा स्नायू आकसायलाही तेच लागतं, म्हणून ते कमी पडलं की अंडं पुढे सरकत नाही.

पोट दाबून अंडं ढकलू नका. टोक दिसलं म्हणून ओढू नका, आतल्या आत फोडू तर मुळीच नका. फुटलेल्या कवचाच्या धारेने अंडनलिका फाटते आणि बलक पोटात सांडून कुजतो. गाईचं ऑक्सिटोसिन टोचणाऱ्यांनीही थांबावं. वाट मोकळी नसताना स्नायू जोराने आवळला तर नळीच फाटते. पाण्यात दोन वेळा धरूनही 24 तासांत अंडं आलं नाही, किंवा त्याआधीच ती मान टाकू लागली, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

शिंपल्या आहेत, पण द्यायच्या कशा?

एक अंडं तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात आणि त्यातले सुमारे 20 तास कवच चढवण्यात जातात, बहुतेक रात्री. एका कवचात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. आपल्याकडे परसातल्या कोंबडीला मिळतं काय? भात, कोंडा आणि खोबऱ्याची पेंड. भातात कॅल्शियम नावालाच. कोंड्यातला फॉस्फरस कॅल्शियमला बांधून ठेवतो. पेंड आणि खोबरं जास्त झालं तर पोटात चरबी साठते, आणि चरबी चढलेली कोंबडीच जास्त अडते. ब्रॉयलरचं, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांचं, खाद्य घालणाऱ्यांचंही तेच. त्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास, लेयर (अंड्यांच्या कोंबड्यांच्या) खाद्यात 3.5 ते 4 टक्के. कोंबडी दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाते. हिशेब तुम्हीच मांडा.

तिसऱ्या, खुबे, कालवं खाऊन झाल्यावर शिंपल्या फेकू नका. मीठ आणि मांसाचे कण जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांत धुवा, उन्हात कडकडीत वाळवा, तव्यावर जरा गरम करा म्हणजे ठिसूळ होतात. मग दोन ते पाच मिलिमीटरचे तुकडे होतील असं कुटा. इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली, पीठ करणं: पीठ भराभर पुढे सरकतं, तुकडे मात्र पोटात थांबून रात्रभर हळूहळू विरघळतात, म्हणजे नेमके कवच चढत असताना. दुसरी, भट्टीत जाळणं: जळलेल्या शिंपल्याचा चुना होतो आणि तो तोंड भाजतो. पानाचा चुनाही नको. तुकडे वेगळ्या भांड्यात ठेवा, खाद्यात कालवू नका. गरज असेल ती कोंबडी संध्याकाळी स्वतःच खाते. कोंबड्यांना, पिलांना आणि तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्यांना) एकच खाद्य घालायची सवय असेल तर ती मोडा. सोळा आठवड्यांच्या आतल्या पिलांना लेयर खाद्य दिलं तर त्यांचं मूत्रपिंड बिघडतं.

मेमध्ये शिंपल्या खाऊनही कवच पातळ येतं. कोंबडी धापा टाकते, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचाला लागणारा कार्बोनेट तोकडा पडतो. अशा वेळी कॅल्शियम वाढवून काही होत नाही. छपरावर माडाच्या झावळ्या घाला, पाणी गार ठेवा, खाणं पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या. मात्र सगळ्याच कोंबड्या एकाच आठवड्यात सुरकुतलेली, बिनकवचाची अंडी देऊ लागल्या तर प्रश्न खाद्याचा नाही. मानमोडी (राणीखेत) किंवा ब्राँकायटिससारखी साथ असू शकते. लसीची तारीख तपासा.

अंग बाहेर आलं किंवा पोट फुगलं

लाल गोळा बाहेर दिसला की त्या कोंबडीला आधी बाकीच्यांपासून वेगळी करा, नाहीतर त्या टोचून टोचून आतडी काढतात. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम, म्हणजे साधारण दीड लहान चमचा मीठ घालून गोळा धुवा. जंतुनाशकाचा कडक द्रव नको. वर साखर पसरून दहा मिनिटं थांबा, सूज ओसरते. मग तेलकट बोटाने हलके आत सारा. पुढचे काही दिवस आठ-नऊ तासांपेक्षा जास्त उजेड देऊ नका, म्हणजे अंडं थांबून नळीला आराम मिळेल. दोनदा बाहेर आलं की ती अंड्याच्या कामाची राहिली नाही असं धरा. तलंगांना लवकर घालायला लावण्यासाठी रात्री दिवे लावणाऱ्यांकडे हे हमखास दिसतं.

पोट हळूहळू, आठवडाभरात फुगलं असेल, हाताला पाण्याच्या पिशवीसारखं लागत असेल, तुरा फिका किंवा जांभळट पडला असेल, तर ते अडलेलं अंडं नव्हे. बलक नळीत न जाता पोटात पडून जंतुसंसर्ग झाला असण्याची शक्यता मोठी. गरम पाणी, दाबणं, घरच्या घरी सुईने पाणी काढणं, यातलं काहीच नको. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे त्याच वेळी विचारून घ्या. जुनं दुखणं असेल तर गुण येण्याची आशा कमी, हेही डॉक्टरांकडून स्पष्ट ऐकून घ्या.